‘परवाना लागत नाही’ छापलेला एफएम किट आणि १०० मिलिवॉटचा घोळ

खोक्यावर ‘१०० मिलिवॉट, परवान्याची गरज नाही, पल्ला १ किलोमीटर’ असं छापलंय, घरातल्या घरात गाणी ऐकायला हा एफएम ट्रान्समीटर बनवू का, असं तुम्ही विचारलंय. बनवा, पण आत्ताच अँटेना लावून चालू करू नका.

१०० मिलिवॉटचा आकडा बहुतेक अमेरिकेतल्या एफसीसीच्या (तिथल्या रेडिओ नियामकाच्या) ‘भाग १५’ या नियमावलीमधून उचललेला असावा, आणि तिथे तो एएमसाठी आहे. ५१० ते १७०५ किलोहर्ट्झमध्ये ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याला १०० मिलिवॉटपर्यंत शक्ती देता येते. अँटेना, तिची फीडर (ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतची तार) आणि अर्थची तार मिळून लांबी ३ मीटरच्या आत. अर्थची तारही त्यात धरतात, हे भलेभले विसरतात.

एफएमला तिथे वॉटची मर्यादाच नाही. ३ मीटर अंतरावर क्षेत्रतीव्रता (तिथे पोचणाऱ्या लहरींचा जोर) मीटरमागे २५० मायक्रोव्होल्टच्या वर जाता कामा नये, इतकंच. याचं गणित मांडलं तर सर्व दिशांना सारखं प्रक्षेपण धरून जेमतेम १९ नॅनोवॉट निघतात. तुमचा किट पूर्ण शक्तीने चालला तर त्याच्या पन्नास लाख पटींहून जास्त! युरोपात बऱ्याच देशांत ५० नॅनोवॉट चालतात, तेही याच मापातलं. एफसीसी स्वतः या मर्यादेतला पल्ला साधारण ६० मीटर सांगते. म्हणजे ‘१ किलोमीटर’ ही जाहिरातच किट मर्यादेबाहेर असल्याची कबुली आहे. विक्रेत्याच्या छापील वाक्यावर जाऊ नका, आपल्या देशाच्या नियामकाचा परवानामुक्त पट्ट्यांचा तक्ता बघा.

आणखी एक गंमत. अमेरिकेत स्वतःपुरती पाचपर्यंत यंत्रं मंजुरीविना बनवता येतात, पण ती किटमधून बनवलेली नसावीत अशी त्याच कलमात अट आहे.

नियम इतके कडक का? १०८ मेगाहर्ट्झला एफएमचा पट्टा संपतो आणि तिथूनच विमानांचा सुरू होतो: आधी दिशादर्शन, मग ११८ पासून वैमानिकांचं बोलणं. एका ट्रान्झिस्टरचा स्वस्त किट नुसत्या कॉइल-कपॅसिटरवर चालतो. हात जवळ नेला, बॅटरी उतरली, कॉइल तापली की वारंवारता सरकते. १०७ वर लावलेला असा किट कुठे भरकटेल याचा भरवसा नाही. शिवाय हार्मोनिक्स, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या नको असलेल्या लहरी, असतातच. १०० वर लावलात तर २०० आणि ३०० वरही काहीतरी बाहेर पडतं.

म्हणून चाचणी डमी लोडवरच, म्हणजे अँटेनाच्या जागी रेझिस्टर लावून करा. १०० ओमचे दोन कार्बन रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओम झाले. तारेचं वेटोळं असलेले रेझिस्टर वापरू नका, ते स्वतःच कॉइलसारखे वागतात. शेजारी रेडिओ ठेवला तर इतक्या गळतीवरही गाणं स्वच्छ ऐकू येतं. खरं तर तुमच्या खोलीपुरतं तेवढंच पुरेल.

माझं मत विचाराल तर क्रिस्टलवर चालणारा एएम किट घ्या. वारंवारता हलत नाही आणि मॉड्युलेशन (आवाजाप्रमाणे लहरींची उंची बदलणं) ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे शिकायला जास्त मिळतं. १००० किलोहर्ट्झला तरंगलांबी ३०० मीटर. ३ मीटरची तार तिचा शंभरावा भाग, म्हणून बरीचशी शक्ती लोडिंग कॉइल (आखूड अँटेना जुळवायला लावतात ती) आणि अर्थमध्येच जिरते. पल्ला वाढवायला ट्रान्झिस्टर बदलू नका, कॉइल नीट जुळवा. हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना काढून हे करू म्हणाल, तर त्यावर गाणी लावायला बंदीच असते.

गाण्यात घरघर आली तर आधी अडॅप्टर काढून बॅटरीवर चालवून बघा.