'डिफरंट'नंतर फ्रॉम, टू की दॅन?
परीक्षेत, अर्जात, ऑफिसच्या मेलमध्ये डोळे झाकून 'फ्रॉम' लिहा. ते ब्रिटनमध्येही चालतं आणि अमेरिकेतही. 'माय प्लॅन इज डिफरंट फ्रॉम युअर्स.' (इथे 'फ्रॉम यू' नको, तुलना प्लॅनची आहे, माणसाची नाही.) 'टू' ब्रिटिश बोलण्यात सर्रास ऐकू येतं.

'दॅन' सरसकट चूक नाही. पुढे कर्ता-क्रियापद आलं की अमेरिकन इंग्रजीत तेच सुटसुटीत: 'इट लुक्स डिफरंट दॅन इट डिड लास्ट इयर.' 'फ्रॉम' हवं असेल तर मध्ये 'हाऊ' घाला: 'डिफरंट फ्रॉम हाऊ इट लुक्ड लास्ट इयर'.

आपली गडबड 'पेक्षा'मुळे होते. 'पेक्षा मोठा' म्हणजे 'बिगर दॅन', म्हणून 'पेक्षा वेगळा'लाही आपण 'दॅन' जोडतो. पण 'बिगर' हे तुलनेचं रूप आहे, 'डिफरंट' नाही. आणि 'डिफर' या क्रियापदाला 'फ्रॉम'च लावा, 'दॅन' नको.