तुकडा कापला, आवाज आला, चित्र कुठंय?

या वेळी बहुतेक पत्रं एफएफएमपेगबद्दलच, म्हणजे कमांड लिहून व्हिडिओ आणि आवाज कापायच्या, बदलायच्या प्रोग्रामबद्दलच आलीत. कमांड नेहमीप्रमाणे बोलताना सांगतो तशाच लिहितोय, टाइप करताना तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न: दोन तासांच्या व्याख्यानाच्या रेकॉर्डिंगमधून मला शेवटाकडचा पाच मिनिटांचा भाग हवाय. डॅश सी कॉपी (नव्याने एन्कोड न करता जसंच्या तसं उचलणं) लावलं की काम दोन सेकंदात होतं, पण सुरुवातीचे सहा-सात सेकंद नुसता आवाज येतो, चित्र येतच नाही. कॉपी काढलं तर तुकडा बरोबर निघतो पण एवढ्याशा कामाला अर्धा तास जातो. काय करू?

उत्तर: तुमचा डॅश एसएस, म्हणजे कुठून कापायचं ते सांगणारा पर्याय, चुकीच्या जागी बसलाय, बाकी काही नाही. तुम्ही तो डॅश आय आणि फाइलच्या नावानंतर लिहिलाय, त्यामुळे एफएफएमपेग पहिल्या मिनिटापासून अख्खी फाइल उलगडत जातं आणि तुमच्या वेळेपर्यंतचं सगळं फेकून देतं. अर्धा तास तिथे गेला. तोच डॅश एसएस डॅश आयच्या आधी लिहा, ते थेट त्या जागेजवळ उडी मारेल.

आता चित्राचं. व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधेमधे एक पूर्ण चित्र असतं, त्याला कीफ्रेम म्हणतात, आणि पुढच्या फ्रेममध्ये मुख्यतः आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या एक्स२६४ एन्कोडरच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये दोन कीफ्रेममधलं अंतर २५० फ्रेमपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने चक्क १० सेकंद. त्यातून व्याख्यान म्हणजे माणूस एका जागी उभा, सीन बदलत नाही, मग मधेच नवी कीफ्रेम टाकायचं कारणही नसतं. कॉपी करताना एफएफएमपेग काहीच नव्याने बनवत नाही, नुसतं उचलून ठेवतं, तेव्हा आवाज तुमच्या वेळेपासून सुरू झाला आणि चित्र मात्र पुढची कीफ्रेम येईपर्यंत थांबून राहिलं.

तर दोन रस्ते. सुरुवातीला चार-पाच सेकंद जास्तीचे आले तरी चालणार असेल तर डॅश एसएस पुढे आणून कॉपी ठेवा, तुकडा मागच्या कीफ्रेमपासून सुरू होईल. नेमक्या सेकंदाला कापायचं असेल तर डॅश एसएस पुढेच ठेवा पण कॉपी काढून टाका, आता फक्त पाचच मिनिटं एन्कोड होणारेत, फार वेळ लागत नाही. क्वालिटीसाठी सीआरएफ (आकडा कमी तितकी क्वालिटी जास्त) १८ ते २३ ठेवा, डिफॉल्ट २३ आहे, आकडा साधारण ६ ने कमी केला की फाइल ढोबळमानाने दुप्पट होते, म्हणून उगाच १० वगैरे देऊ नका.

आणि हो, डॅश एसएस पुढे आणलात की डॅश टीओ (कुठे थांबायचं ती वेळ) जपून, कारण आता घड्याळ शून्यापासून सुरू होतं. शेवटी डॅश टीओ देऊन १ तास ४५ मिनिटं लिहिलंत तर ते तितकी लांबी समजून फाइल संपेपर्यंत चालत राहील. डॅश टी (किती लांबी हवी ते) घ्या आणि सरळ ५ मिनिटं लिहा. मी यात एकदा संध्याकाळ घालवलीय.

प्रश्न: फोल्डरमधल्या सगळ्या रेकॉर्डिंगचा आवाज सारखा करायचाय. यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये आहे, एकेक नाव वाचून कमांड चालवणारं व्हाइल रीड लूप लावलं, तर पहिली फाइल होते आणि लूप गपकन थांबतं. एरर काहीच नाही.

उत्तर: एफएफएमपेग चालू असताना कीबोर्डकडे कान लावून बसलेलं असतं, क्यू दाबलं की थांबतं ना, तेच. तुमच्या लूपमध्ये कीबोर्डच्या जागी फाइलींची यादी आहे, आणि उरलेली नावं तेच गिळून टाकतं. डॅश एनओएसटीडीइन एवढं जोडा, लूप शेवटपर्यंत जाईल.

आवाजासाठी लाउडनॉर्म फिल्टर वापरा. त्याचं डिफॉल्ट टार्गेट मायनस २४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आहे, हेडफोनवर ऐकायच्या बोलण्यासाठी ते जरा हळूच वाटतं, मी मायनस १६ ठेवतो. एकाच फेरीत केलं तर ते अंदाजाने चालतं आणि शांत जागी श्वासाचा आवाजही वर उचलतं. पहिल्या फेरीत नुसतं मोजमाप घ्या, दुसऱ्या फेरीत ते आकडे परत द्या. शिवाय डॅश एआर ४८००० (सेकंदाला आवाजाचे किती नमुने ते) लिहायला विसरू नका, नाहीतर फिल्टर आतल्या आत १९२ किलोहर्ट्झवर जातो आणि वेव्ह फाइल भलतीच फुगलेली दिसते, मग लोक डिस्कला दोष देतात.

प्रश्न: एमकेव्ही फाइलचं नाव बदलून एमपीफोर केलं, तरी टीव्हीवर चालत नाही.

उत्तर: डब्याचं लेबल बदललंत हो, डबा तोच. आधी एफएफएमपेगसोबत येणारं एफएफप्रोब चालवून आत काय आहे बघा. एच२६४ चित्र आणि एएसी आवाज असेल तर डॅश सी कॉपी करून खऱ्या एमपीफोर डब्यात टाका, क्षणात होतं, क्वालिटी तसूभरही जात नाही. ऑडिओ ट्रॅक एकापेक्षा जास्त असतील तर डॅश मॅप शून्य द्या, नाहीतर ते प्रत्येक प्रकारातला एकच निवडतं. मग सबटायटलही सोबत येतात, ते मजकुराचे असतील तर त्यांच्यासाठी डॅश सी कोलन एस आणि पुढे एमओव्ही अंडरस्कोर टेक्स्ट लागेल, कारण एमकेव्हीतले नेहमीचे सबटायटल एमपीफोरमध्ये जसेच्या तसे बसत नाहीत. एच२६५ निघालं आणि टीव्ही जुना असेल तर मात्र सुटका नाही, पूर्ण एन्कोड करावं लागेल.

प्रश्न: १२८ केबीपीएसची एमपीथ्री ३२० ला कन्व्हर्ट केली तर आवाज सुधारेल का?

उत्तर: नाही. फाइल तेवढी जाड होईल.