दुर्बिणीच्या हर्निया ऑपरेशनमध्ये जाळी फिक्स केली नाही तर ती सरकते का?

तुम्ही विचारलंय, वडिलांच्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन दुर्बिणीतून ठरलंय, सर्जन म्हणतात जाळी फिक्स करणार नाही, मग खोकला आला की ती सरकणार नाही का? मी ही ऑपरेशनं करतो. बहुतेक रुग्णांत तुमच्या सर्जनचं म्हणणं बरोबर असतं.

ही जाळी बाहेरून लावलेलं ठिगळ नसते. पोटाचे स्नायू आणि आतलं पातळ अस्तर, म्हणजे पेरिटोनियम, यांच्या मधे जागा मोकळी करून ती पसरतात. आकार किमान १० × १५ सेंटीमीटर, म्हणजे हर्नियाच्या छिद्रापेक्षा चहूबाजूंनी बरीच मोठी. शेवटी अस्तर पुन्हा तिच्यावर येतं आणि पोटातला दाब तिला स्नायूंवर दाबून धरतो. खोकल्याने हाच दाब वाढतो, त्यामुळे पुरेशी मोठी जाळी उलट जास्त घट्ट बसते. पुढच्या काही आठवड्यांत तिच्यातून शरीराचे तंतू वाढतात आणि ती तिथलीच होऊन जाते.

मग टॅक का नको? टॅक म्हणजे जाळी जागेवर अडकवायचा काही मिलिमीटरचा छोटा स्क्रू. जाळीच्या खालच्या बाहेरच्या भागामागून मांडीकडे जाणाऱ्या नसा असतात, त्याला आम्ही ‘ट्रँगल ऑफ पेन’ म्हणतो. शेजारच्या ‘ट्रँगल ऑफ डूम’मध्ये पायाची मोठी रक्तवाहिनी असते. या दोन्ही ठिकाणी टॅक मारायचा नाही म्हणजे नाही. बाहेरच्या बाजूला मारायचाच झाला, तर दुसरा हात पोटावर बाहेरून ठेवून टॅकरचं टोक बोटांना लागतंय का ते मी आधी पाहतो. लागलं नाही, तर आपण नसांच्या पातळीवर आहोत, तिथे थांबायचं.

अपवाद मात्र आहे. डायरेक्ट हर्निया म्हणजे जांघेच्या आतल्या बाजूला, पोटाच्या कमकुवत झालेल्या भिंतीतून सरळ पुढे येणारा. त्याचं छिद्र ३ सेंटीमीटरपेक्षा मोठं असेल, तर जाळी त्या खळग्यात घुसू शकते. तिथे मी फिक्स करतो, आणि २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा सल्लाही तोच आहे. आतल्या बाजूला कूपर लिगामेंटवर, म्हणजे जांघेतल्या हाडावरच्या मजबूत पट्ट्यावर, मोजकेच टॅक, तेही त्यावरून जाणारी रक्तवाहिनी चुकवून. फायब्रिन ग्लू, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा गोंद, हाही चांगला पर्याय. सुरुवातीचं दुखणं टॅकपेक्षा कमी राहतं.

हर्निया पुन्हा होतो तो बहुधा वेगळ्याच कारणांनी: जाळी लहान पडली, जागा पुरेशी मोकळी केली नाही, किंवा जागा फुगवायला भरलेला गॅस शेवटी सोडताना जाळीची खालची कड गुंडाळली गेली. म्हणून मी गॅस हळू सोडतो, दुर्बीण शेवटपर्यंत आत ठेवतो आणि ती कड अस्तराखाली सपाट राहिली हे डोळ्यांनी पाहूनच बाहेर येतो. माझ्या मते फिक्सेशनपेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं. आणि इथे आळस केला, तर दहा टॅक मारूनही उपयोग नाही.

सर्जनना एवढंच विचारा: हर्निया डायरेक्ट आहे का, छिद्र केवढं वाटतंय, आणि आत गेल्यावर मोठं निघालं तर काय करणार? टॅक मारावेच लागले आणि शुद्धीवर येताच मांडीत जळजळीत, असह्य कळ सुरू झाली, तर ‘ऑपरेशनचं दुखणं’ म्हणून घरी सोसत बसू नका, त्याच दिवशी सर्जनना सांगा. नस अडकली असेल, तर टॅक लवकर काढणंच बरं.