मैत्रिणीच्या स्मरणसभेत पहिल्यांदाच बोलणार आहेस ना
अगं, तिचा देवावर किती विश्वास होता हे नुसतं म्हणू नकोस, दाखव. तिच्या बायबलची झिजलेली पानं, समासात प्रार्थनेसाठी पेन्सिलने लिहिलेली मुलांची नावं नि परीक्षेच्या तारखा, असं काही आठवत असेल तर तेच सांग, त्यातच सगळं येतं. मी माझ्या मैत्रिणीच्या वेळी विशेषणंच वाचत बसले आणि तिची मुलगी मान खाली घालून बसलेली, ते अजून सलतं गं. बायबलमधलं वचन म्हणून नीतिसूत्रे ३१, म्हणजे सद्गुणी स्त्रीची स्तुती, सगळेच घेतात, चांगलंच आहे, पण २ तीमथ्य १:५ पण बघ, तिथे प्रेषित पौल त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण करून देतो, मुलं समोर असताना हे फार जवळचं वाटतं. तीन-चार मिनिटं पुरे, मोठ्या अक्षरात लिहून ने. रडू आलं तर थांब, येऊ दे, आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूही रडला होता. फक्त मुलांना 'रडू नका' म्हणू नकोस प्लीज. नंतर तो कागद त्यांनाच दे, आणि महिन्याभराने फोन नक्की कर, तोवर बाकीच्यांचे फोन थांबलेले असतात.