टेलिटाइप नुसता खडखडतोय

प्रश्न: माझ्याकडे मॉडेल 33 टेलिटाइप (कीबोर्डवर टाइप केलेलं आणि तारेवरून आलेलं कागदावर छापणारं जुनं यंत्र) आहे आणि एक जुना डॉसवाला (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालणारी सिस्टिम) पीसी. डॉस कागदावर चालवायचाय. पण टेलिटाइपचा स्विच लाइनवर (म्हणजे बाहेरच्या जोडणीवर) टाकला की तो न थांबता खडखडत बसतो, उमटत काहीच नाही. बिघडलाय का? वायरी थेट सीरियल पोर्टात घालू का?

उत्तर: बिघडला असेल असं वाटत नाही. हा प्रकार लूप (टेलिटाइपमधून करंट फिरायची वायरींची साखळी) उघडी असल्याचा आहे, या मशीनला काहीच येत-जात नसतानाही 20 मिलीअँप करंट सतत मिळावा लागतो, तो तुटला की ते असंच बडबडत सुटतं. आणि थेट जोडायचं तर अजिबात नाही हां, पोर्ट चालतो व्होल्टेजच्या प्लस-मायनसवर आणि टेलिटाइप करंटवर, त्यामुळे मधे कन्व्हर्टर हवाच. दोन ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारे छोटे भाग), 12 व्होल्टची डीसी सप्लाय, करंट 20 वर बसवणारा रेझिस्टर, झालं. (आयबीएमच्या 1981 च्या पीसीचं सीरियल कार्ड असेल तर मजा आहे, त्यावर करंट लूपची सोय मुळातच आहे.)

पोर्टाच्या बाजूला आरटीएस-सीटीएस आणि डीटीआर-डीएसआर या पिनांच्या (पलीकडचं यंत्र तयार आहे का हे सांगणाऱ्या) जोड्या आपसात जोडून टाका. हे बरेच जण विसरतात आणि मग डॉस पलीकडून सिग्नल यायची वाट बघत गप्प बसतो.

मग 'मोड' कमांडने कॉम1 ला 110 बॉड (सेकंदाला 110 बिट), इव्हन पॅरिटी (चूक पकडायचा एक जादा बिट), 7 बिट, 2 स्टॉप बिट द्या. स्टार्ट बिट धरून एका अक्षराला 11 बिट, म्हणजे सेकंदाला 10 अक्षरं. कागदावर नीट येतंय पण तुम्ही टाइप केलेलं डॉसला कळत नाहीये असं झालं तर पॅरिटी बघा, काही कीबोर्ड आठवा, म्हणजे पॅरिटीचा, बिट कायम 1 च पाठवतात. आणि डीआयआर (फायलींची यादी दाखवणारी कमांड) टाइप केल्यावर प्रत्येक अक्षर दोनदा उमटलं तर मशीन हाफ डुप्लेक्सवर आहे (टाइप केलेलं स्वतःही छापतंय आणि डॉसकडून परत आलेलंही), फुल करा.

शेवटी 'सीटीटीवाय कॉम1' दिलं की कन्सोल (डॉसचं टाइप करायचं-दाखवायचं ठिकाण) कागदावर. थेट स्क्रीनवर लिहिणारे प्रोग्राम दिसणार नाहीत, पण एडलिन (डॉसचा एकेका ओळीने चालणारा एडिटर) मात्र जणू याच्यासाठीच बनलाय. डीआयआर स्लॅश डब्ल्यू (आडवी रुंद यादी) टाळा, ओळ 72 अक्षरांची, पुढची सगळी शेवटच्या जागी एकावर एक आपटून काळा ठिपका होतो. शंभर फायलींच्या साध्या डीआयआरला सात-एक मिनिटं लागतील, तेवढा धीर धरा. स्क्रीनवर परत यायला टेलिटाइपवरूनच 'सीटीटीवाय कॉन' द्यायचं.