पॅरिसचं तिकीट रद्द झालं, तरी

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसाचा शिक्का संपल्यापायी तुला पॅरिसचं तिकीट रद्द करावं लागलं, हे तुझ्या आईकडून कळलंच होतं. मग तुझा मेसेज आला. 'मावशी, अमेरिकेत राहून फ्रेंच खाण्यापिण्याची खरी मजा घेता येते का, की सगळा नुसता भपका?' फोनवर 'येते की' म्हणून मोकळी झाले असते, पण मग तू थेट कुठल्यातरी महागड्या टेस्टिंग मेन्यूचं बुकिंग केलं असतंस. म्हणून सविस्तर लिहिते.

इथल्या आपल्या माणसांचे शनिवार-रविवार बहुतेक दोन ठिकाणी जातात. एक तर मंडळ. गणपती, दिवाळी, नाटकाचा प्रयोग, पुऱ्या कोण तळणार आणि खुर्च्या कोण मांडणार. नाहीतर ऑफिसच्या लोकांत मिसळायला हवं म्हणून सुपर बोल, बार्बेक्यू, थँक्सगिव्हिंग. दोन्ही चांगलंच आहे, मी दोन्ही मनापासून केलंय. पण दोन्हीकडे आपण परीक्षेला बसलेले असतो. इकडे बघतात, पोरगं मराठी राहिलंय ना. तिकडे बघतात, हा आमच्यातला झाला का. फ्रेंच खाण्याच्या बाबतीत तुझ्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नाही. तुला कुठलं चीज कशाबरोबर खातात हे ठाऊक नसलं, तर त्यात कुणाचं नाक कापलं जात नाही. परदेशात राहणाऱ्याला इतकं मोकळं अंगण क्वचित मिळतं. तिथे हुंदडून घे.

पहिला सल्ला: सुरुवात रेस्टॉरंटपासून करू नकोस. अमेरिकेत 'फ्रेंच' म्हटलं की पांढरे टेबलक्लॉथ आणि नाक वर करून बोलणारे वेटर का आठवतात, त्याला इतिहास आहे. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात फ्रान्सच्या दालनात एक रेस्टॉरंट होतं. पुढे फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेला, आणि ते रेस्टॉरंट सांभाळणाऱ्या आँरी सुले यांनी १९४१ मध्ये मॅनहॅटनमध्येच 'ल पाव्हियाँ' उघडलं. श्रीमंतांनी तिथे रांगा लावल्या आणि फ्रेंच जेवण म्हणजे प्रतिष्ठा, हे समीकरण पक्कं झालं. त्याच स्वयंपाकघरात १९५९ साली फ्रान्सहून आलेला झाक पेपँ नावाचा तरुण कामाला लागला. गंमत म्हणजे केनेडींच्या व्हाइट हाउसमधलं काम नाकारून तो हॉवर्ड जॉन्सन या हायवेवरच्या उपाहारगृहांच्या साखळीत गेला. मला तो निर्णय फार आवडतो.

त्याआधीचा धागाही माहीत असू दे. थॉमस जेफरसन १७८४ मध्ये अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून पॅरिसला गेला, तेव्हा त्याने जेम्स हेमिंग्ज या आपल्या गुलामाला बरोबर नेऊन फ्रेंच स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण दिलं. जेम्सला स्वातंत्र्य मिळालं १७९६ मध्ये, तेही आपल्या भावाला ती विद्या शिकवून झाल्यावर. तेव्हा या जेवणापुढे बुजायचं कारण नाही. ते या देशात फक्त गोऱ्या साहेबांच्या हातून आलेलं नाही.

आणि तू तर बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये राहतोस! अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड याच गावात अर्व्हिंग स्ट्रीटवर राहायच्या. १९६१ मध्ये त्यांचं सहलेखिकांबरोबरचं फ्रेंच पाककृतींचं जाडजूड पुस्तक आलं, १९६३ पासून बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या टीव्ही वाहिनीवर त्या शिकवू लागल्या आणि साध्या अमेरिकन गृहिणीला फ्रेंच पदार्थ जमू शकतात हे लोकांना पटलं. त्यांचं अख्खं स्वयंपाकघर आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि तिथे तिकीट नाही.

तर रेस्टॉरंटऐवजी चीजच्या दुकानात जा. शनिवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आत. काउंटरवर आधी नमस्कार कर. फ्रेंच माणसाला तू 'बाँझूर' न म्हणता थेट 'मला हे द्या' म्हणालास, तर त्याच्या लेखी तू असंस्कृत. मग सरळ सांग, 'मला फारसं कळत नाही, चाखून बघायचंय.' चांगला दुकानदार पातळ कागदासारखा काप काढून सुरीच्या पात्यावरच पुढे करतो. तो लगेच गिळू नकोस. जिभेवर ऊब लागू दे. आधी दूध लागतं, मग भाजलेल्या काजूसारखं काहीतरी, आणि शेवटी मागे रेंगाळणारा खारटपणा. कोंते नावाच्या चीजचा जुना तुकडा असेल तर दाताखाली कणीही लागते. मग विचार, 'हे किती महिन्यांचं?' आणि त्याच चीजचं कोवळं भावंड मागून दोन्ही शेजारी-शेजारी चाख. पाव पौंडाहूनही कमी घे. लाज वाटून घेऊ नकोस, फ्रान्समध्येही माणसं तेवढंच घेतात.

इथे एक कायद्याची गोष्ट उपयोगी पडेल. अमेरिकेत कच्च्या दुधाचं चीज किमान ६० दिवस मुरवलेलं असेल तरच विकता येतं. नॉर्मंडीचं अस्सल कामाँबेर त्याच्या कितीतरी आधी तयार होतं, म्हणून ते इथे मिळत नाही. मिळतं ते पाश्चराइज्ड दुधाचं, आणि त्याला ती गोठ्याची, अळंब्यांची रग नसते. कोंते मात्र निदान चार महिने मुरतं, रोकफोर तीन महिने. ही दोन्ही तुला केंब्रिजमध्ये तशीच मिळतात जशी फ्रान्समध्ये. तेव्हा पैसे खर्चायचे तर यांवर खर्च. जेवायच्या तासभर आधी फ्रिजमधून बाहेर काढून ठेव, नाहीतर मेण खाल्ल्यासारखं वाटेल. आणि ब्री चीजचा त्रिकोण समोर आला तर त्याचं टोक कापून घेऊ नकोस. सगळ्यात मऊ भाग एकट्यानेच लांबवणं तिथे उद्धटपणा समजतात.

लोण्याबद्दल तर तुला सांगायलाच नको. तुझी आजी साय विरजून, घुसळून लोणी काढायची ना? पारंपरिक फ्रेंच लोणीही विरजलेल्या सायीचंच असतं, म्हणून त्याला ती किंचित आंबूस चव. अमेरिकन लोणी बहुतेक गोड्या सायीचं, आणि त्यात स्निग्धांश किमान ८० टक्के पुरतो. फ्रेंच लोण्याला ८२ लागतो. 'कल्चर्ड' असं लिहिलेलं पाकीट शोध. ते बगेतवर, म्हणजे त्या लांबट फ्रेंच पावावर लाव. बगेत मात्र त्याच दिवशीचं हवं, दुसऱ्या दिवशी ते लाटणं म्हणून वापरता येईल. त्या बगेतच्या कारागिरीला युनेस्कोने २०२२ मध्ये वारशाच्या यादीत घेतलं. सुपरमार्केटातल्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या मऊ नळकांड्याचा त्या वारशाशी काही संबंध नाही.

तू मांस खात नाहीस, म्हणून थोडं स्पष्टच. कांद्याचं फ्रेंच सूप दिसायला निरागस असतं, पण ते बहुधा गाईच्या हाडांच्या पाण्यात शिजतं. मूस या गोड पदार्थात कधी जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं. कोंते, रोकफोर यांसारख्या पारंपरिक चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. कुठवर चालवून घ्यायचं हे तुझं तू ठरव, मी कुणाला उपदेश करत नाही. पण विचारल्याशिवाय खाऊ नकोस आणि नंतर कुढत बसू नकोस. बिस्त्रोच्या, म्हणजे छोट्या फ्रेंच खाणावळीच्या मेन्यूत तुझ्यासाठी ऑम्लेट आणि सॅलडपलीकडे फारसं नसेल. घरी मात्र रातातुई, म्हणजे वांगी-टोमॅटोची भाजी आहे, बटाट्याचं ग्रातँ, म्हणजे सायीत भाजलेले काप आहेत, प्वी गावच्या हिरव्या मसुरा आहेत. आणि दक्षिण फ्रान्समधल्या नीस शहराचा सोका आहे.

सोका म्हणजे बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. बस्स. पटेलच्या किराणा दुकानातून आणलेलं बेसन चालतं. एक वाटी बेसनाला वाटीभर पाणी, दोन चमचे तेल, मीठ. गुठळ्या मोडून दोन तास तसंच ठेव. बिडाचा तवा ओव्हनमध्ये सणसणीत तापव, त्यात तेल फिरव, पीठ पातळ ओत आणि ब्रॉयलरखाली सरकव. उलटायचं नाही. हळद, जिरं, ओवा घालायचा हात आवर. वरून फोड येऊन काळे ठिपके पडले की काढ, भरपूर मिरी घाल आणि हाताने तोडून उभ्या-उभ्या खा. नीसमध्ये तो असाच कागदात घेऊन खातात.

बारावीत मार्क पडतात म्हणून घेतलेलं तुझं फ्रेंच गंजलंय असं म्हणतोस. बोस्टनच्या मार्लबरो स्ट्रीटवर १९४५ मध्ये स्थापन झालेली फ्रेंच लायब्ररी आहे. तिथे वर्ग असतात, पुस्तकं असतात आणि १४ जुलैच्या सुमारास तो रस्ता अडवून मेजवानी होते. गप्पांच्या टेबलावर जाऊन बस. चुका दुरुस्त करतील, अगदी वाक्याच्या मधोमध थांबवून. तो अपमान नसतो, ती त्यांची आस्था असते. अमेरिकन तोंडदेखल्या कौतुकाची सवय झालेल्याला सुरुवातीला बोचतं.

पण हे सगळं झालं फ्रान्समधून आलेलं. मला सर्वांत जास्त रमवलं ते इथेच रुजलेल्या फ्रेंचांनी. दक्षिणेतल्या लुइझियाना राज्यात जाच. न्यू ऑर्लीन्सला कॅफे द्यू मोंदमध्ये बेन्ये, म्हणजे पिठीसाखर घातलेले तळलेले वडे खा, पण काळे कपडे घालून जाऊ नकोस, पिठीसाखरेने पार भरशील. तिथल्या कॉफीत चिकोरी असते. माटुंग्याची फिल्टर कॉफी पिऊन वाढलेल्या तुला ती पहिल्या घोटातच ओळखीची वाटेल. तेवढ्यावर थांबू नकोस, पश्चिमेला लाफायेतकडे गाडी काढ. १७५५ मध्ये इंग्रजांनी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून हाकललेल्या अकेडियन, म्हणजे फ्रेंच वसाहतवाल्या लोकांचे वंशज, म्हणजे केजन, तिथे राहतात. त्यांचा गंबो, म्हणजे दाट रस्सा बघ. मैदा आणि तेल कढईत ढवळत राहायचं, चॉकलेटचा रंग येईपर्यंत. हात थांबला की करपलं, पुन्हा पहिल्यापासून. या परतलेल्या पिठाला रू म्हणतात; फ्रान्समधला रू लोण्यातला आणि फिकट असतो, हा जवळजवळ काळा. त्यात पडणारी भेंडी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची, सासाफ्रासच्या पानांची पूड चॉक्टॉ आदिवासींची, आणि सगळं वाढायचं भातावर. तू खाणार नाहीस, कारण त्यात बहुधा सॉसेज नाहीतर कोळंबी असते. पण करताना पाहा तरी.

आणि तिथल्या म्हाताऱ्यांशी बोल. लुइझियाना राज्याच्या १९२१ च्या घटनेने तिथल्या शाळांतून फ्रेंच हद्दपार केलं. शाळेच्या आवारात फ्रेंच बोललं म्हणून मुलांना शिक्षा व्हायच्या, 'पुन्हा बोलणार नाही' असं पानभर लिहावं लागायचं. त्या मुलांनी मोठेपणी आपल्या मुलांशी फ्रेंच बोलायचंच टाळलं. १९६८ मध्ये राज्यानेच फ्रेंच जपायला संस्था काढली आणि फ्रान्स, बेल्जियम आणि कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्युबेक प्रांतातून शिक्षक आणवले. आजीची भाषा नातवाला परक्या शिक्षकाकडून शिकायला लागली. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आपल्या मराठी शाळेत रविवारी 'क कमळाचा' गिरवणारी पोरं बघताना मला हटकून लाफायेत आठवतं.

तुझ्याजवळचं उदाहरण हवं तर लोवेल, जुन्या कापडगिरण्यांचं गाव. बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकलने जाता येतं. १८४० ते १९३० च्या दरम्यान क्युबेकमधून सुमारे ९ लाख माणसं अमेरिकेत आली, त्यांतली कितीतरी न्यू इंग्लंडच्या, म्हणजे तुमच्या ईशान्येकडच्या राज्यांतल्या कापडगिरण्यांत. लोवेलच्या बूट मिलमध्ये जुने माग अजून चालवून दाखवतात. त्या खडखडाटात दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बायका घरी फ्रेंच बोलत. त्यांचं फ्रेंच जेवण म्हणजे नाताळातला मांसाचं सारण भरलेला 'पाय' (pie) आणि वाटाण्याचं सूप. भपका कुठून असणार?

राहता राहिलं क्युबेकमधलं माँट्रियल. बोस्टनहून गाडीने पाचएक तास. शिक्का संपला असला तरी कॅनडाच्या तीस दिवसांच्या आतल्या वारीनंतर काही अटींवर जुन्याच शिक्क्यावर अमेरिकेत परत येण्याची सवलत आहे. पण ते माझ्या भरवशावर करू नकोस, कंपनीच्या वकिलाकडून लेखी घे, आणि भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो हे विसरू नकोस. जमलं तर जाँ-तालों बाजारात जा. क्युबेकमध्ये ६० दिवसांपेक्षा कोवळं कच्च्या दुधाचं चीजही विकायला परवानगी आहे. इथे न मिळालेली गोष्ट तिथे चाखून घे.

लाफायेतचा मोठा उत्सव एप्रिलच्या शेवटी असतो आणि त्याला प्रवेश फुकट असतो, त्यामुळे गावातल्या खोल्या फार लवकर भरतात. जायचं ठरलं तर जानेवारीतच मला कळव. मीही येईन म्हणते.

तुझी,
मावशी