जमीन रस्त्यात जाणार ही माहिती ऑफिसातूनच आधी फुटली तर त्या कर्मचाऱ्याला जेल होते का?

तुम्ही विचारलंय की कोणते गट रस्त्यात जाणार ती यादी जाहीर व्हायच्या आधीच सरकारी माणसानं दलालाला दिली, आणि तुमच्या वडिलांनी त्याच दलालाकडून इसार पण घेतलाय, तर त्या कर्मचाऱ्याला जेल होते का नुसतं सस्पेंड करतात. होते भाऊ, पण कोणत्या कलमात ते बघा, तिथंच तक्रारी फसतात.

आमच्या चुलत्यांची जालना जिल्ह्यातली दोन एकर कोरडवाहू अशीच गेली. दलाल ओसरीवर बसून चहा पिता पिता खिशातून घडी घातलेली झेरॉक्स काढायचा, गट नंबरांवर लाल पेनाच्या खुणा, आणि म्हणायचा, काका इथं सोयाबीन तरी कुठं नीट येतंय, देऊन टाका. खरेदीखत झालं आन पाच महिन्यांत त्याच गटाची अधिसूचना निघाली. मोबदला दलालाच्या नावावर. चुलते आठ दिवस शेताकडं गेले नाहीत.

लोक आधी शासकीय गुपिते अधिनियम 1923 सांगतात. त्यात कलम 5 ला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि गुपित आहे हे माहीत असून घेणारा पण त्यात येतो. पण कलम 13 मुळं सरकारनं तक्रार केली तरच कोर्ट दखल घेतं, आपण जाऊन केस टाकता येत नाही, म्हणून त्याच्या नादी लागू नका.

कामाचं आहे ते भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 चं कलम 7. माहितीच्या बदल्यात पैसे, प्लॉट, बायकोच्या नावावर हिस्सा असं काहीही घेतलं असेल तर 2018 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं, वर दंड, आणि देणारा दलाल पण कलम 8 मध्ये 7 वर्षांपर्यंत अडकतो. नुसत्या ओळखीपोटी दिली असेल तर हे कलम लागणं अवघड, मग सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियम 1979 खाली खात्याची चौकशी, नोकरीवर येऊ शकतं.

सगळा खेळ तारखांचा आहे. इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा काढा, त्या दलालानं त्याच काळात शेजारचे किती गट घेतले बघा, आणि माहिती अधिकारात विचारा की मोजणीचं पत्र ऑफिसात कोणत्या तारखेला आलं, फाईल कोणाच्या टेबलाला होती. दोन्ही कागद शेजारी ठेवले की दिसतंच. मग लाचलुचपत विभागाकडं लेखी तक्रार, पोच घेतल्याशिवाय उठू नका, त्यांचा 1064 नंबर पण आहे. खटला भरायला याच भ्रष्टाचाराच्या कायद्यातल्या कलम 19 ची सरकारी मंजुरी लागते, त्यात लई वेळ जातो, आधीच धरून चला.

आणि वडिलांची नुसती इसार पावती झालीय ना, मग खरेदीखताच्या सहीला जायच्या आधी ती पावती घेऊन दिवाणीच्या वकिलाकडं जा, उद्याच जा.